मी नापास केलेलं जेडचं कपाट

त्या माणसाने दगड चाटला आणि मला जी शिसारी आली, ती अजून गेलेली नाही.

चाटला म्हणजे जीभ लावून चाटला. कपाटाच्या दारावर हिरव्या जेडची पाकळी बसवलेली होती, अंगठ्याच्या पेराएवढी, वर धुळीचा थर. गोडाऊनवाला वाकला, जिभेने धूळ पुसली आणि म्हणाला, "बघा ताई, आता चमक बघा. अस्सल जेड. गाल लावून बघा, गारेगार लागेल." जिभेवर त्याच्या तंबाखूच्या माव्याचा तांबडा लगदा. त्या थुंकीला मी गाल लावायचा म्हणे. मी दोन पावलं मागे सरले. माझे वडील मात्र पुढे झाले. त्यांनी खिशातला रुमाल काढला, पाकळी नीट पुसली, तिच्यावर हाताची मागची बाजू टेकवली आणि बराच वेळ तशीच ठेवली. "गार आहे खरं," एवढंच म्हणाले.

चाकणच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत, एका पत्र्याच्या गोडाऊनमधली ही गोष्ट. माझ्या धाकट्या दिरांना जुनं चिनी कपाट घ्यायचं होतं आणि ते पारखायला मला नेलं होतं. आता गंमत बघा. आमच्या पट्ट्यात 'चायना माल' ही शिवी आहे. दोन दिवसांत बंद पडणाऱ्या वस्तूला चायना म्हणतात, भरवशाच्या नसलेल्या माणसालाही म्हणतात. आणि हे गृहस्थ चायना कपाटासाठी जीव टाकत होते.

माझं सासर कुरुळीचं. जमीन कंपन्यांच्या शेडखाली गेली, उरलेल्या तुकड्यावर दिरांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या, मग कंपन्यांना बस लावल्या, आणि बघता बघता गळ्यात बोटाएवढी साखळी आली. साखळीचं मला काही नाही. पण त्यांच्या बस ज्या कंपनीत लागतात तिथल्या एका परदेशी साहेबाच्या घरी ते दिवाळीची मिठाई घेऊन गेले आणि दिवाणखान्यात जेडच्या फुलांचं जुनं कपाट बघून आले. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. नवा बंगला होतच आला होता. "वहिनी, साहेबाकडं हाय तसंच पायजे बघा. दारातनं माणूस आत आला की पयलं कपाटच दिसलं पायजे. आन् जुनं पायजे, नवं न्हाई चालायचं." जुनंच कशाला, असं मी विचारलं. "जुनं म्हंजी खानदानी," म्हणाले. चीनमधल्या कुणा परक्या घरातलं कपाट कुरुळीत आणून यांचं खानदान जुनं होणार होतं.

मला नेण्याचं कारण माझी नोकरी. सव्वीस वर्षं मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या टेबलावर आहे. मशीनवरून उतरलेला नग माझ्या हातात येतो. मी मोजते. मापात असेल तर पुढे, नसेल तर त्याच्यावर लाल फुली आणि रवानगी लाल पेटीत. फुली मारलेल्या नगाकडे पुन्हा कुणी बघत नाही. सुपरवायझर येऊन गयावया करतात, "मॅडम, एवढा एक सोडा ना." मी सोडत नाही. फुली मारताना मला बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. सासरी माझा जो काही मान आहे तो या एका गोष्टीचा. "वहिनींच्या नजरंतनं माल सुटत न्हाई," असं दीर चारचौघांत सांगतात आणि मी वरवर नको नको म्हणत कान टवकारून ऐकते.

वडील आले ते वेगळ्याच कारणाने, आणि मला सांगायचंय ते तेच.

आण्णा पॅटर्नमेकर होते. पिंपरीच्या बाजूला ओतकामाच्या एका कारखान्यात त्यांनी उभी हयात काढली. लोखंडाचा भाग ओतायच्या आधी त्याचं हुबेहूब लाकडी रूप करावं लागतं, ते वाळूत दाबून साचा घेतात. ते लाकडी रूप आण्णा करायचे. त्यांच्याकडे एक पट्टी आहे, तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा आहे. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, ते आकसणं आधीच धरून चालावं लागतं म्हणून. शाळेत असताना मी ती पट्टी दप्तरात घालून नेली होती आणि भूमितीच्या बाईंचा मार खाऊन आले होते. घरी येऊन ती पट्टी खोटी आहे म्हणून रडले. आण्णा म्हणाले, "खोटी नाही गं. ती पुढचं धरून मोजते." मला तेव्हा काही कळलं नव्हतं. नंतरही कळलं असं म्हणवत नाही.

पुढे कारखान्यात मशीनं आली, पॅटर्नशॉपला कुलूप लागलं, आण्णा रिटायर झाले. आई गेल्यावर ते आमच्याकडे आकुर्डीला आले. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काय असणार? गॅलरीत खुर्ची टाकून खालच्या स्कूटर मोजायचे. हत्यारांची पिशवी पलंगाखाली. केर काढताना ती माझ्या झाडूला लागायची आणि मी करवादायचे, आण्णा, हे भंगार देऊन टाका कुणाला तरी. ते म्हणायचे, बघू.

मग एका गुरुवारी दीर जेवायला आले. आमच्याकडे कंपन्यांना गुरुवारची सुट्टी असते. कपाटाचं पुराण चालू होतंच. बोलता बोलता ते आण्णांकडे वळले आणि म्हणाले, "आण्णा, जुनं कपाट म्हंजी कुटं ना कुटं मोडल्यालं असणारच. त्ये तुमीच करायचं. माज्या मागच्या शेडमधी तुमाला बाकडं टाकून देतो, लाइट देतो. येळ लागू द्या किती बी." आण्णांनी भाताचा घास तसाच हातात धरला. "करेन की," म्हणाले. मग थोड्या वेळाने स्वतःशीच, "जुनं काम उलगडायला फार मजा येते. कुणी कसं जोडलंय ते कळतं."

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर गॅलरीत खस्स खस्स आवाज. पिशवी पलंगाखालून निघाली होती. तेलाचा दगड मांडून आण्णा लाकूड कोरायच्या पटाश्यांना धार लावत बसले होते. एकेक पटाशी घासायची, मनगटावरचे केस तासून बघायची, पुसून फडक्यावर ठेवायची. बारा पटाश्या. डोळ्यांना कमी दिसायला लागलं होतं, हात मात्र अजून स्थिर होता. आठवडाभर ते काम पुरवून पुरवून केलं त्यांनी. डावं मनगट पार गुळगुळीत झालं होतं. मी हसले त्यांना. म्हटलं, अजून कपाटाचा पत्ता नाही आणि तुमची तयारी झाली. त्यावर म्हणाले, "आता डोळे आहेत तोवर एक काम होऊन जाईल." कपाट कसं का असेना, मोडकं असावं आणि आपल्या हाती यावं, एवढीच त्या माणसाची इच्छा होती. मला ती माहीत होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. मला माहीत होतं.

तर ते गोडाऊन. आत शिरल्या शिरल्या थिनर, ओला पुठ्ठा आणि उंदराची लघवी यांचा एकत्र वास घशाशी आला. कंटेनरमधून उतरवलेलं सामान कसंही रचलेलं. बुद्धाची मुंडकी एका टोपलीत, कांदे ठेवावेत तशी. कोपऱ्याकोपऱ्यांत पिचकाऱ्या. मालकाच्या करंगळीचं नख वाढवलेलं, त्याने तो आधी कान कोरायचा आणि मग त्याच नखाने कपाटावरची नक्षी दाखवायचा. "ताई, हा ड्रॅगन बघा. हा बारीक मासा बघा." मी मासा बघत नव्हते, नख बघत होते.

कपाटं दोन होती. दोन्ही छातीभर उंचीची, काळपट तांबड्या लाकडाची, दोन दारांची. दोन्ही दारांवर एकेक गोल लाकडी चकती, वीतभरापेक्षा लहान, आणि चकतीवर हिरव्या जेडच्या पाकळ्यांचं फूल. मालकाने दोन्ही जुनीच सांगितली. ज्याची पाकळी त्याने चाटली ते पहिलं कपाट तर डोळ्यांसमोर नको वाटावं असं होतं. एक पाय झिजलेला. दार मिटलं की वर फट राहायची, खाली घासायचं. पाकळ्या एकीसारखी दुसरी नाही, कुठली फिकी, कुठली पांढुरकी, दोन तर गायबच. खणात मेलेलं झुरळ. दुसरं कपाट मात्र ताठ उभं होतं. जुनकट दिसत होतं, कोपऱ्यांत मळ होता, पण दारं अलगद मिटत होती.

मी पर्समधून माझी हत्यारं काढली. मापं घ्यायचं व्हर्निअर, फटी मोजायच्या पातळ पात्या, काटकोन बघायचा छोटा गुण्या. मालक चकित झाला. दीर छाती फुगवून त्याला म्हणाले, "आमच्या वहिनी क्वालिटीत हायेत. अंदाजपंचे काम न्हाई." मग तर माझ्या अंगात वारंच शिरलं. मी दोन्ही कपाटं तपासली, अगदी रीतसर. पहिल्याचा एकही कोपरा काटकोनात नव्हता. चकती मोजली. उभी एकशे अठ्ठेचाळीस मिलीमीटर, आडवी एकशे पंचेचाळीस. दुसऱ्या दारावरची चकतीही तशीच. गोल म्हणून केलेल्या वस्तूत तीन मिलीमीटरचा फरक! माझ्या टेबलावर हा नग आला असता तर मी तो करणाऱ्याला बोलावून विचारलं असतं, बाबा रे, झोपेत होतास का. दुसरं कपाट मोजलं. चकती उभी एकशे अठ्ठेचाळीस, आडवी एकशे अठ्ठेचाळीस. चारही फटी सारख्या. आणि पाकळ्या? सोळाच्या सोळा एका मापाच्या. मला तर मोजता मोजता समाधान वाटत होतं. राजेरजवाड्यांसाठी केलेलं काम, असंच असणार, असं मी स्वतःला सांगितलं. चांगलं म्हणजे मापात, याच्यापलीकडे मला काही ठाऊकच नव्हतं.

तोवर आण्णा पहिल्या कपाटामागे गेले होते. त्यांनी खण बाहेर काढला, झुरळ झटकलं, खणाच्या तळावरून बोटं फिरवली, नाक लावून वास घेतला. मग चकतीवर अंगठा फिरवत माझ्याजवळ आले. त्यांचा चेहरा उजळला होता. "अगं, हे घ्या. हे आटलंय," ते म्हणाले.

मालक फिस्सकन हसला. "आटलंय म्हणजे काय बाबा, दूध आहे का?" दीरही हसले. आणि मला, सांगायलाही घाण वाटते, मला माझ्या बापाची लाज वाटली. धुळीने माखलेले हात, हातात तो घाणेरडा खण, आणि आपण सगळ्यांसमोर मापं घेऊन निकाल देणार एवढ्यात मधेच हे. मी म्हणाले, "आण्णा, तुमचं पॅटर्नशॉप बंद होऊन जमाना झाला. तुम्हाला मोडकं पाहिजे म्हणून ते चांगलं का? जरा गप्प बसा."

आण्णांनी खण परत जागेवर सरकवला, दोनदा अडकला, तिसऱ्यांदा बसला. मग हात रुमालाला पुसत दारापाशी जाऊन उभे राहिले. "बरं," एवढं म्हणाले.

मी दिरांना सांगितलं, दुसरं घ्या. मालक म्हणाला, "ताई, नको असेल त्याच्यावर काहीतरी खूण करा. माझे हमाल चुकीचा माल चढवतात." लाल तेलपेन्सिल माझ्या पर्समध्ये असतेच. मी पहिल्या कपाटापाशी गेले आणि डाव्या दारावरच्या त्या लंबोळक्या चकतीवर, फुलाच्या बरोबर मधून, पाकळ्यांवरून आणि लाकडावरून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली मारली. चांगली दाबून मारली.

टेम्पो यायचा होता म्हणून दीर मागे थांबले. आम्ही दोघं रस्त्यावर येऊन बसची वाट बघत उभे राहिलो. कंटेनरचे ट्रक अंगावर धूळ उडवत चालले होते. आण्णांच्या खांद्यावर ती पिशवी होती. हो, घेऊन आले होते. एखादा सांधा सैल असला तर तिथेच बघता येईल म्हणाले होते सकाळी.

बसायला जागा नव्हती, उभ्या उभ्याच त्यांनी मला सांगितलं. आवाजात राग नाही, काही नाही. "लाकूड उभं आटत नाही, आडवं आटतं. कितीही वाळवलेलं असो, पिढ्यान्पिढ्या उन्हापावसातून गेलं की रेषेच्या आडवं थोडं थोडं आटत राहतं. गोल चकती कातली असेल, तर तेवढ्या काळाने ती लंबगोल होणारच. दारंसुद्धा त्यामुळेच बसत नाहीत. ती चकती गोल राहिली असती, तर मीच म्हटलं असतं, नको, हे परवाचं काम आहे."

परवाचं काम. मी जे पास केलं होतं त्याची चकती अगदी गोल होती.

फोन माझ्या हातात होता. टेम्पो अजून आला नव्हता, मला माहीत होतं, कारण त्याच रस्त्याने तो यायचा होता आणि मी बसकडे बघता बघता टेम्पोकडेही बघत होते. एक फोन करायचा होता. भावोजी, थांबा, माझी चूक झाली, पहिलं घ्या. बास. सव्वीस वर्षांत मी कुणाला 'माझी चूक झाली' म्हटलं नव्हतं, आणि सासरच्या माणसाला तर नाहीच नाही. मी फोन पर्समध्ये टाकला आणि आण्णांना म्हणाले, "आता झालं ना घेऊन. सारखं सारखं तेच काय." बस आली. कुणीतरी आण्णांना जागा दिली. पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीबाहेर बघत बसले. घरी आल्यावर त्यांनी बाराही पटाश्यांना तेल लावलं, एकेक फडक्यात गुंडाळली आणि पिशवी पलंगाखाली सारली, अगदी भिंतीपर्यंत, झाडूला लागणार नाही अशी.

बंगल्याची वास्तुशांत झाली. दारातून आत गेलं की समोर ते कपाट, वरून दोन दिव्यांचा झोत. येईल त्याला दीर कपाटापाशी न्यायचे आणि सांगायचे, "चायनाच्या राजाच्या काळातलं हाय. आमच्या वहिनींनी मोजून पास केलंय." मग मला हाक. मी जिलेबीची ताटली हातात घेऊन उभी, आणि पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघतायत. आण्णा खुर्चीत बसले होते, त्यांना एका पाहुण्याने विचारलं, तुम्ही पण होतात का घेताना? "हो, गेलो होतो बरोबर," म्हणाले.

दोनेक महिन्यांत कपाटाला मुंग्या लागल्या. कोपऱ्यांतला तो जुना मळ कशाचा होता देव जाणे, गुळाचं पाणी फासलं होतं की काय. काळ्या मुंग्यांची ओळ दारावरून वर चढायची आणि ड्रॅगनच्या तोंडात शिरायची. जाऊबाईंनी ओल्या फडक्याने पुसलं तर फडकं आधी तपकिरी झालं आणि मग हिरवं. ते फडकं त्यांनी मला स्वयंपाकघरात नेऊन दाखवलं. नंतर एक दिवस कपाटाच्या दाराशी समई लावली, तर ज्योतीजवळची पाकळी मऊ होऊन खाली ओघळली. दगड ओघळला! आंबट, जळक्या प्लास्टिकचा वास सगळ्या हॉलमध्ये. मला वाटलं आता दीर माझ्यावर तोंड टाकणार, आणि खरं सांगते, टाकलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी काय केलं? कपाटावर चकचकीत लॅकर मारून घेतलं, ओघळलेल्या पाकळीवर आर्टिफिशियल फुलांचा गजरा डकवला आणि म्हणाले, "सोडा वो वहिनी. कुणाला कळतंय? तुमी पास केलंय म्हनल्यावर लोक गप ऐकत्यात." त्यांना खऱ्याखोट्याशी काही घेणंदेणं नव्हतंच कधी. माझी फुली आणि माझं पास, दोन्ही त्यांनी शोभेसारखं भिंतीवर टांगायला नेलं होतं. आणि मी टांगू दिलं.

पुढच्या गुरुवारी मी एकटीच स्कूटर काढून गोडाऊनला गेले. पहिलं कपाट घ्यायचं, आणून आण्णांसमोर ठेवायचं, फ्लॅटमध्ये जागा नसली तर नसू दे, असं ठरवून गेले.

मालक बुद्धाच्या मुंडक्यांवर सोनेरी फवारा मारत होता. त्याने मला लगेच ओळखलं. मी विचारलं तर म्हणाला, "ते? ते तर फोडलं ताई." फोडलं म्हणजे? "तुम्हीच फुली मारली होती ना. येणारं गिऱ्हाईक फुली बघायचं, विचारायचं ही कसली. मी सांगितलं, क्वालिटीच्या मॅडमनी रिजेक्ट केलं. मग कोण घेतंय? जेड तेवढं चांगलं होतं, ते स्क्रूड्रायव्हरने काढलं. लॉकेटवाला घेऊन गेला. लाकूड हमालांनी जाळलं, पाणी तापवायला."

त्याने ते सांगितलं आणि पचकन थुंकला. थुंकी उडाली त्याच्या बाजूच्या खोक्यावर. खोक्यावर चहाच्या ग्लासखाली काहीतरी गोल होतं. मी ग्लास उचलला. ती डाव्या दाराची चकती होती. पाकळ्यांच्या जागी खड्डे, खड्ड्यांत स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, चहाची वर्तुळं, आणि या सगळ्यावर माझी लाल फुली. धुऊन पुसूनही गेली नसती इतकी दाबून मारलेली. मी किती मागता असं विचारलं तर तो हसला. "घेऊन जा ताई. कचऱ्याचे काय पैसे घ्यायचे?" मला त्याचा राग आला नाही. त्याच्या लांब नखाची, त्याच्या जिभेची, त्या सोनेरी फवाऱ्याची किळस आली, ती आलीच. पण त्याने दगड चाटला होता तो निदान विकण्यासाठी. मी कशासाठी काय केलं होतं? चारचौघांत शहाणी ठरण्यासाठी. परतीच्या वाटेवर कुरुळीच्या फाट्याला मी गाडी कडेला घेतली आणि खरोखर ओकले. माझं मलाच तोंड बघवेना.

घरी येऊन चकती मोरीत धुतली. थुंकी गेली, चहा गेला, फुली राहिली. आण्णा गॅलरीत होते. मधल्या काळात त्यांच्या हाताला कंप सुटला होता, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. डोळ्यांपुढे माणूस आलेला कळायचा, कोण ते आवाजावरून. मी चकती त्यांच्या मांडीवर ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. जाळलेलं सांगितलं, लॉकेट सांगितलं, बसस्टॉपवर फोन हातात असून केला नाही तेही सांगितलं. काहीच मागे ठेवलं नाही.

ते ऐकत होते की नाही कळेना. बोटं चकतीवर फिरत होती. रिकाम्या खड्ड्यांत एकेक करून बोट घालून बघत होते, कडेचा गोल चाचपत होते. फुलीवरूनही बोट गेलं, तेलपेन्सिलीचा चिकटपणा लागला असणार. तिथे क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. मी म्हणाले, "आण्णा, पटाश्या काढू का? याला निदान साफ तरी करा." त्यांनी आपला उजवा हात माझ्यासमोर धरला. तो थरथरत होता. मग खाली घेतला.

"मोज बघू," म्हणाले.

मी आतून व्हर्निअर आणलं. उभी मोजली, आडवी मोजली.

"किती फरक?"

"तीन मिलीमीटर."

"तेव्हा किती होता?"

"तीनच."

आण्णांनी मान हलवली, चकती माझ्या हातात परत दिली आणि म्हणाले, "म्हणजे मोजलं बरोबर होतंस."